पखाली एक, हेला एक

बुऱ्हाणपूरच्या इतवारा पेठेतला लीलाधर शालिग्राम चौधरी फौजेच्या बजेटच्या नोकरीला लागला, तेव्हा बजेट हे काय प्रकरण आहे हे इतवाऱ्यात एकाही शहाण्याला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हणून गप्प बसेल तर तो इतवारा कसला? पानवाला म्हणाला, बंदुकीची नवी जात असणार. हलवायाचं मत पडलं की बजेट म्हणजे घोड्यांची दाणा-वैरण. शेवटी बायकांनी लीलाधरच्या आईलाच गाठलं. सोजरबाई ठसक्यात म्हणाली, "माह्या लीलूले इचारल्याबिगर फौज जेवत नाही, समजलं?" आणि गंमत बघा, सगळ्यांत बरोबर उत्तर तिचंच होतं.

काम खरोखर तसंच होतं. पुण्याच्या एका हापिसात बसून लीलाधर फौजेच्या पुढच्या वर्षाच्या खर्चाचा अंदाज बांधायचा. कुठल्या पलटणीला किती माणसं लागतील, किती खेचरं लागतील, किती बूट फाटतील, आणि मागितलंय त्यात थाप किती आहे. मोठमोठे कर्नल मिशांना पीळ भरून मागण्या पाठवायचे, आणि हा गडी, ज्यानं जन्मात बंदुकीला हात लावला नव्हता, तांबडी पेन्सिल उचलून समासात एकच शब्द लिहायचा: "का?" त्या एका शब्दानं भले भले गार पडायचे. लढाईत गोळीला न भ्यालेली माणसं लीलाधरच्या पेन्सिलीला भ्यायची.

होता होता तो सीनियर झाला, तसा त्याचा ताठाही सीनियर झाला. "जे कागदावर नाही, ते जगात नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. हापिसात म्हणायचा ते म्हणायचा, घरीही म्हणायचा. त्याची बायको कोकिळा तोंडाची फटकळ. एकदा ती कपाळाला सुंठ लावून बसली होती आणि हा विचारतो, डोकं केव्हापासून दुखतंय? ती म्हणाली, "थांबा, आधी अर्ज लिहून देते. तोवर दुखत नाहीये असं समजा."

अशात देश स्वतंत्र झाला आणि संस्थानं एकामागून एक विलीन व्हायला लागली. राजे लोक सही करून, तनखा ठरवून मोकळे झाले. पण त्यांच्या फौजांचं काय करायचं? लहानसहान राजाकडेसुद्धा फौज होतीच. सातपुड्याच्या कुशीत खैरकुंड म्हणून एक संस्थान होतं, एवढंसं. घोडा जरा जोरात पळाला तर परराज्यात जायचा. तिथेही फौज. राजेसाहेबांचे मामा सेनापती, कारण मामांना दुसरं काही येत नव्हतं. बंदुकांपेक्षा बिगुल जास्त. एक तोफ होती, तिच्या तोंडात चिमण्यांनी संसार थाटला होता, म्हणून दसऱ्याला तोफेच्या जागी तोंडानंच "धडाम" म्हणत असत, असं लोक सांगायचे. लोकांचं काही खरं नाही, पण चिमण्या लीलाधरनं स्वतः पाहिल्या.

तर ही सगळी वरात आगगाडीत भरून बुऱ्हाणपूरच्या टेसनावर उतरवली आणि लालबागेच्या मैदानात तिचा तळ पडला. दिल्लीचा हुकूम असा की यादी करा. कोण देशाच्या फौजेत घ्यायचं, कोण घरी पाठवायचं, कुठलं सामान ठेवायचं, कुठलं लिलावात काढायचं, सगळं लिहून पाठवा, आम्ही ठरवतो. आणि मार्च संपायच्या आत सगळं उरका, कारण जी जागा मार्चअखेर भरली नाही ती जागा मेली. तळावर एक मेजरसाहेब नेमले आणि यादीसाठी, मुलूख माहितीचा म्हणून, लीलाधर चौधरीला पाठवलं. यादी चोख झाली तर एप्रिलात दिल्लीला मोठी खुर्ची, असं त्याच्या वरिष्ठांनी त्याला कानात सांगितलं होतं. कोकिळेनं ते ऐकल्याबरोबर दिल्लीच्या थंडीसाठी लोकर आणून विणायला घेतली.

लीलाधर कोकिळेला घेऊन इतवाऱ्यात आपल्या घरी राहिला. बारा-पंधरा वर्षांनी माणूस सलग चार महिने आईच्या हातचं जेवतो म्हटल्यावर काय होणार? कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर ठेचा. पहिल्या आठवड्यात त्याचा कोट पोटावर बसेना. दुसऱ्या आठवड्यात त्याची जीभ बदलली. पुण्यात "मला, तुला" म्हणणारा सीनियर साहेब "मले, तुले" करायला लागला. मेजरसाहेबांशी इंग्रजी बोलतानाही मध्येच "भो", म्हणजे आपला भाऊ, यायचा. मेजरना वाटायचं, ही फौजेतली काही उपाधी असावी. तेही मग त्याला "भो" म्हणायला लागले.

त्या तळावर निंबा होता. निंबा जसोंडीचा. सोजरबाईचं माहेर जसोंडी, म्हणून तो तिला आत्या म्हणायचा आणि लीलाधरला भाऊ. पोरवयात आपला हेला घेऊन तो खैरकुंडच्या चाकरीला लागला होता. हेला म्हणजे रेडा हो. आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. हेल्याच्या पाठीवर कातड्याची मोठी पखाल टाकायची, पाण्यानं भरायची आणि कवायतीच्या मैदानावर शिंपडत जायचं, म्हणजे राजेसाहेब सलामी घ्यायला आले की त्यांच्या पांढऱ्या सुरवारीवर धूळ उडू नये. एवढंच काम, आणि ते करणाऱ्या माणसाला म्हणायचं पखाली. पण ते काम निंबानं पहिल्या हेल्यावर केलं, तो म्हातारा झाल्यावर दुसऱ्यावर केलं, आणि आता लालबागेत कुंडी भंडाऱ्याच्या जुन्या विहिरींचं पाणी आणून तिसऱ्यावर करत होता. राजा गेला, सलामी गेली, धूळ राहिली.

निंबाला एकच घोर होता. रोज संध्याकाळी इतवाऱ्यात यायचा, ओट्यावर बसायचा, आत्याच्या हातचा चहा घ्यायचा आणि विचारायचा, "भाऊ, मले घेतील ना फौजेत? शेतीचा तुकडा भावायनं वाटून घेतला. चाकरी गेली तं मालूले अन् पोरीले काय खाऊ घालू?" लीलाधर म्हणायचा, "अरे, पाण्याशिवाय फौज चालते का? तू बिनघोर राह्य." आणि ते त्यानं मनापासून ठरवलंही होतं. कुठल्याही पलटणीला "का?" विचारणारा हा माणूस निंबाच्या बाबतीत पेन्सिल उचलणार नव्हता.

यादी इंग्रजीत करायची होती. दुपारची वेळ, पोटात भरीत, डोळ्यांवर झापड. बिगुलवाले झाले, घोडे झाले, तोफ झाली. चिमण्या लिहिल्या नाहीत. मग पाण्याचं खातं आलं. लीलाधरनं इंग्रजी अक्षरांत झोकात लिहिलं: "पखाली, एक. हेला, एक." पुण्यात असता तर त्यानं रेड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवून लिहिलं असतं. पण तो होता इतवाऱ्यात. हेल्याला हेला नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? त्यानं पुढचं पान उलटलं आणि डुलकी काढली.

दिल्लीत बसलेल्या कुण्या भल्या माणसानं ते वाचलं. त्याला वाटलं, पखाल म्हणजे पाण्याची कातडी पिशवी, हे तर आपल्याला ठाऊक आहे. पखाली म्हणजे तीच, जरा लहान असेल. आणि हेला? हेला हे माणसाचं नाव दिसतंय. या पाणक्याचं नाव हेला. झालं! मार्चच्या मध्यावर उत्तर आलं. "पाणक्या हेला यास देशाच्या फौजेत सामावून घेण्यास मंजुरी आहे, डॉक्टरी तपासणीत पात्र ठरल्यास. पखाली, नग एक, जुनी, निकामी सामानाबरोबर लिलावात काढावी."

लीलाधरनं ते घरी वाचलं आणि पोट धरून हसला. "माय, हेल्याले नोकरी लागली वं!" सोजरबाईला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती काही हसली नाही. म्हणाली, "दुखनं हेल्याले अन् औषीद पखालीले. तुमच्या दिल्लीत मानसं बसतात का कोन बसतं?" मग म्हणाली, "अन् माह्या निंबाचं काय?" तेव्हा कुठे लीलाधरचं हसू आवरलं.

सकाळी तो टांगा करून लालबागेत पोचला, तर उशीर झाला होता. हवालदार वामन हा खैरकुंडच्या फौजेतला सगळ्यांत आज्ञाधारक माणूस. त्याची स्वतःची निवड अजून अधांतरी होती, त्यामुळे दिल्लीहून "बसा" असा हुकूम आला असता तर तो काट्यावरही बसला असता. त्यानं कागद वाचला होता. आपल्याला अक्कल वापरायचा हुकूम नाही, हेही त्यानं ओळखलं होतं. म्हणून त्यानं हेल्याला धुऊन-पुसून डॉक्टरपुढे उभं केलं. डॉक्टर कंटाळलेला माणूस, त्यानं आनंदानं फॉर्म भरला. छाती: उत्तम. दात: मजबूत. दृष्टी: चांगली. स्वभाव: शांत, वरिष्ठांसमोर बोलत नाही. शेरा: फौजेस सर्वस्वी योग्य.

आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आंब्याखाली, लिलाव चालला होता. गंजलेल्या बादल्या, फुटका नगारा, खोगिरं, आणि त्यांच्या ओळीत निंबा उभा. त्याच्या सदऱ्यावर वामननं खडूनं नंबर घातला होता. कौतिक भंगारवाला त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "चार आने देतो. पन दुकानापोत सवता चालत येनं पडीन." बघे खो-खो हसले. निंबाही हसत होता, लोक हसतात म्हणून, काय करणार? पण लीलाधरला टांग्यातून उतरताना पाहिलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. त्यानं नंबर हातानं झाकला.

लीलाधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बंद करा हा तमाशा!" तो वामनवर असा ओरडला की तंबूत पेंगणारा बिगुलवाला दचकून उठला आणि त्यानं बिगुल वाजवला. त्याबरोबर सगळी फौज कवायतीला धावत आली. मग तिला परत पाठवण्यात अर्धा तास गेला.

मेजरसाहेब म्हणाले, "चौधरी भो, आपका हेला तो पास हो गया." मग हसणं झाल्यावर त्यांनी नियम सांगितला, आणि नियमात हसण्यासारखं काही नव्हतं. दिल्लीनं चुकीचं वाचलं असं कळवलं, तर ते प्रकरण कमिटीपुढे जाणार, कमिटी पावसाळ्यात बसणार, आणि मार्चअखेर जागा मेलेली असणार. दुसरा रस्ता असा की, लिहिणाऱ्याचीच चूक होती असा लेखी खुलासा लिहिणाऱ्यानं सही करून द्यायचा. तो तारेनं मान्य होतो, तिथल्या तिथे दुरुस्ती होते. फक्त तो खुलासा लिहिणाऱ्याच्या नोकरीच्या फायलीत कायमचा जाऊन बसतो. "और एप्रिल में वो फाईल कौन खोलेगा, आपको पता है," मेजर म्हणाले. आणि तिसरा रस्ता सगळ्यांत सोपा. काहीच करायचं नाही. हेला सही करायला येणार नाही, जागा मरेल, आणि एक जागा वाचवली म्हणून बजेटवाल्याची पाठ थोपटली जाईल.

लीलाधर सीनियर होता. त्याला चौथा रस्ता दिसला.

संध्याकाळी निंबा आणि त्याची बायको मालूबाई ओट्यावर आली. लीलाधर खुशीत होता. "निंबा, काम झालं! जागा मंजूर आहे, डॉक्टरी पास आहे. फक्त आंगठा द्यायचा बाकी आहे. तू दे."

"देतो ना भाऊ. कुठी देऊ?"

"इथं. हेला या नावापुढं."

निंबाला आधी कळलंच नाही. मग लीलाधरनं फोड करून सांगितलं. कागदावर तू हेला. पगार हेल्याच्या नावानं येईल, पेन्शन हेल्याच्या नावानं येईल, खाणार तू. बाकी घरात, गावात तू निंबाच. नुस्तं कागदावर.

"पन भाऊ," निंबा म्हणाला, "तुम्हीच तं म्हनता, जे कागदावर नाही ते जगात नाही. मंग निंबा कुठी राह्यला?"

लीलाधर गडबडला. "अरे, ते मी हापिसातलं म्हणतो..."

निंबा खाली बसला. हळूच बोलायला लागला, जसं काही आपलीच चूक आहे. "माह्या आधीचे माह्या मायचे तीन गेले, भाऊ. पाचवीच्या आतच. मंग माह्या वख्ती आजीनं कडू निंबाचा पाला दाराले बांधला अन् माह्यं नावच निंबा ठेवलं. कडू नाव असलं की सटवाई तोंड लावत नाही म्हने. मी वाचलो. ह्या नावानं वाचलो मी. आता पेन्शनीसाठी ते सोडून देऊ? अन् ते बी, हेला होऊ? गावात कोनी कोनाले हेला म्हटलं तं डोकी फुटतात. माह्या पोरीचं लगन आहे पुढच्या सालाले. हेल्याची पोर म्हनतील तिले."

मालूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठली. "चला, घरी चला," ती नवऱ्याला म्हणाली. "भुकं राहू, पन मानूस राहू." लीलाधरकडे तिनं बघितलंही नाही. दोघं निघून गेली. चहा तसाच राहिला.

लीलाधर चिडला. चिडणारच की. एवढी अक्कल लढवली आणि या अडाण्यांना किंमत नाही! बरं मग, मरू दे जागा. माझ्या बापाचं काय जातं? उलट बचत दिसेल. असं मोठ्यानं बडबडत तो जेवायला पाटावर बसला. कुणी वाढेना. सोजरबाई चुलीपाशी पाठ करून बसलेली. "माय, वाढ ना," तो म्हणाला.

"काबरं? भूक लागली?"

"हो."

"कागदावर लिहून दे."

त्यानं कोकिळेकडे बघितलं. ती विणत बसली होती. सुया न थांबवता म्हणाली, "दिल्ली मला हवीये, खोटं कशाला बोलू? चांगली हवीये. पण तुम्ही त्या माणसाला हेला हो म्हणालात ना, तेव्हा मला तुमची लाज वाटली. उद्या तुम्हाला कुणी तसं म्हणालं तर?"

लीलाधर उठला. पाटावरून उठलेला माणूस उपाशी जातो, पण सोजरबाईनं थांब म्हटलं नाही. तो माजघरात गेला, दौत-टाक घेतला आणि खुलाशाचा फॉर्म पुढे ओढला. हा फॉर्म त्याच्या ओळखीचा होता. आजवर लोकांनी भरलेले असे फॉर्म त्यानं ढिगानं वाचले होते, आणि प्रत्येकावर तांबड्या पेन्सिलीनं "का?" लिहिलं होतं. आता भरायची पाळी त्याची. त्यानं लिहिलं: यादीतील हेला हा माणूस नसून रेडा आहे, आणि पखाली ही पिशवी नसून निंबा नावाचा माणूस आहे. वाचणाऱ्याचा दोष नाही. चूक खाली सही करणाऱ्याची.

एवढं भराभर लिहून झालं. शेवटचा रकाना राहिला: "चुकीचे कारण." इथे लोक काय लिहितात ते त्याला पाठ होतं. कामाचा ताण. प्रकृती बरी नव्हती. टाइप करणाऱ्याचा हलगर्जीपणा. तो टाक हातात धरून बसून राहिला. चुलीवरच्या भाकरीचा वास येत होता, बाहेर इतवारा नेहमीसारखा कलकलत होता, आणि सोजरबाई कुणाला तरी "हेल्या, बाजूले हो" म्हणत होती. बहुतेक तिच्या वाटेत बसलेल्या यालाच. मग त्यानं लिहिलं, जे खरं होतं ते: "लिहिणारा त्या वेळी आपल्या घरी आलेला होता."

तारेनं मंजुरी आली. मार्च संपायच्या आत निंबानं निंबा या नावापुढे आंगठा दिला. इतका दाबून दिला की कागद फाटतो की काय असं वाटलं. दुरुस्तीप्रमाणे आता हेला लिलावात निघाला, कारण देशाच्या फौजेला पाण्याच्या मोटारी मिळणार होत्या आणि निंबाला त्या मोटारीवर जायचं होतं. हेल्याच्या गळ्यात पडून निंबा असा रडला की वामन हवालदारानंही हुकमाची वाट न बघता डोळे पुसले. कौतिक भंगारवाल्याशी चढाओढ करून तो हेला लीलाधरनं घेतला. फौजेचं बजेट करणाऱ्या माणसानं चारचौघांत रेडा विकत घेतला, ही बातमी तो घरी पोचायच्या आधी इतवाऱ्यात पोचली. हेला जसोंडीला मालूबाईच्या दारात बांधला. ती या वेळी लीलाधरशी बोलली. म्हणाली, "जेवून जा, भाऊ."

दिल्लीची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. लीलाधर परत पुण्याला गेला. आणि खुलासा मात्र त्याच्या आधी दिल्ली, पुणे, कुठं कुठं जाऊन आला. एका हापिसातून दुसऱ्या हापिसात लोक तो मुद्दाम मागवून वाचायचे. शेवटच्या रकान्याशेजारी कुण्या वरच्या साहेबानं तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, "का?" त्याचं उत्तर लीलाधरनं कधीच दिलं नाही.

पण नाव चिकटलं ते चिकटलं. हेलासाहेब! आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. सुरुवातीला तो भडकायचा. एका कारकुनावर दौतही फेकली त्यानं. हळूहळू हो म्हणायला लागला. जन्मभर दुसऱ्यांच्या जागा कापल्या, पण हे काही त्याला कापता आलं नाही. निवृत्त होऊन इतवाऱ्यात परतला तर नाव आधीच येऊन बसलेलं. हेलाभाऊ, हेलाकाका. "हेलासाहेब, इतवारा" एवढ्या पत्त्यावर पत्रं यायची. कोकिळा तेवढी कधी म्हणाली नाही. तिनं दिल्लीसाठी विणलेलं उसवून त्या लोकरीचं आसन केलं होतं, आणि तो रोज त्यावर बसून जेवायचा. सोजरबाई तोवर गेली होती.

निंबाही पेन्शनीत निघाला. पेन्शन घ्यायला बुऱ्हाणपुरात आला की मावा-जिलबीचा पुडा घेऊन इतवाऱ्यात यायचा. ओट्यावर बसायचा. लेकीकडचं, नातवंडांचं सांगायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. त्या मार्चचा विषय दोघांनी कधी काढला नाही.

असाच एकदा बसलेला असताना मतदार यादीचं काम करणारा एक मास्तर आला, बगलेत कागदांचं बाड. शेजारपाजारी विचारून अर्धं लिहूनच आणलं होतं त्यानं. ओट्याशी उभं राहून वाचायला लागला, "घर हेच ना? हेलासाहेब चौधरी, पेन्शनर."

"हो, मीच," लीलाधर म्हणाला. सवयच झाली होती.

निंबानं कपबशी खाली ठेवली. म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि मास्तरापुढं जाऊन उभा राहिला. "बाबू, हेला माह्या व्हता," तो म्हणाला. "तो जसोंडीले मेला. मी सवता पुरला त्याले कडू निंबाखाली. हे लीलाधर शालिग्राम चौधरी आहेत. ते खोडा अन् हे लिहा. माह्यासमोर लिहा."

मास्तर म्हणाला, "अहो बाबा, सगळे तर त्यांना..."

"सगळे काय बी म्हनोत. कागदावर नीट पायजे."

मास्तरानं खोडलं आणि लिहिलं. निंबाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं कागद मास्तराच्या हातातून घेतला आणि लीलाधरपुढे धरला. "पाहा बरं भाऊ, बरोबर लिहिलं का?"

लीलाधरनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, तरी त्याला काही दिसेना. त्यानं पुन्हा पुसला. मग आपलं नाव काना-मात्रेसकट हळूहळू वाचलं आणि म्हणाला, "बरोबर आहे रे, निंबा." आणि आत तोंड करून कोकिळेला हाक मारली, की मास्तरासाठीही चहा टाक.